रेडिओशॅकसारखी जुनी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं वेळेवर बदलत का नाहीत?

डॅलसकर

नमस्कार मंडळी. फोर्ट वर्थला ट्रिनिटी नदीच्या काठावर एक ऐसपैस कॅम्पस आहे, सध्या तिथे टॅरंट काऊंटीचं कॉलेज भरतं. मुळात ते रेडिओशॅकने स्वतःचं हेडऑफिस म्हणून बांधलेलं, २००५ च्या आसपास, आणि २००८ मध्ये कॉलेजने विकत घेतलंसुद्धा. भिंतींचा रंग वाळतोय न वाळतोय तोच कॅम्पस दुसऱ्याचा. तिकडून जाताना डोक्यात दर वेळी तोच किडा वळवळतो म्हणून शेवटी इथे धागा काढतोय.

ही कंपनी १९२१ ची. बॉस्टनला दोघा भावांनी हॅम रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हौसेने रेडिओ संदेश पाठवणाऱ्यांसाठी काढलेलं दुकान. साठच्या दशकात ते डबघाईला आलेलं असताना चार्ल्स टँडीने घेतलं, त्याचा मूळ धंदा चामड्याच्या वस्तूंचा, आणि मग बघता बघता देशभर हजारो शाखा. १९७७ ला यांनी टीआरएस-८० हा घरगुती कॉम्प्युटर आणला, मॉनिटरसकट साधारण ६०० डॉलर, घरी न्या, लावा, सुरू करा. त्याच वर्षी ॲपल टू आणि कमोडोर पेट आले, पण ॲपलकडे तेव्हा स्वतःचं एकही दुकान नव्हतं आणि यांची गावोगाव होती. १९८३ चा त्यांचा मॉडेल १०० हा छोटा लॅपटॉप पत्रकार लोक मांडीवर घेऊन बातम्या टाइप करून फोनलाइनवरून पाठवायचे. मोबाईल फोन ऐंशीच्या दशकापासून विकत होते. आणि २०१५ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी, २०१७ च्या मार्चमध्ये परत एकदा.

तर ज्यांच्याकडे प्रत्येक नवी वस्तू सगळ्यांच्या आधी आली तेच लोक मागे कसे पडले? 'काळाची पावलं ओळखली नाहीत' हे मला पटत नाही, यांनी ओळखली होती की. कृपया कोडॅक आणि नोकिया नको, ते व्हॉट्सॲपवर महिन्यातून एकदा येतंच.

चिवडा_मिक्स

ॲमेझॉन. धागा बंद करा.

रेझिस्टर_४के७

@चिवडा, इतकं सोपं असतं तर बेस्ट बाय ही इलेक्ट्रॉनिक्सची मोठी साखळी पण गेली असती ना. ती आहे अजून.

डॅलसकर, मी यावर जरा जास्तच बोलू शकतो, आधीच सांगून ठेवतो. आई-बाबा ग्रीन कार्डवर आधीच इकडे आलेले त्यामुळे कॉलेजला असताना मी मॉलमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळी दुकानात पार्टटाइम होतो (नाव नको, त्याने काही फरक पडत नाही, सगळीकडे तीच तऱ्हा). दुकानाच्या मागच्या भिंतीला पत्र्याचे बारीक बारीक ड्रॉवर, त्यात रेझिस्टर, कॅपॅसिटर, फ्यूज, एलईडी. एखादे आजोबा यायचे, हातात जळका फ्यूज नाहीतर ट्रान्झिस्टरमधून उपटलेला पार्ट, आणि 'असाच दे' म्हणायचे. ते शोधायचं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, बिल होणार दीड डॉलर. त्याच वेळेला समोर दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर फोन घ्यायला कोणी उभं असेल तर मॅनेजर डोळ्यांनीच खुणावायचा की आजोबांना सोड. कारण त्या एका ॲक्टिव्हेशनवर फोन कंपनीकडून जे कमिशन मिळायचं त्यात आजोबांसारखी पन्नास गिऱ्हाइकं बसली असती. रात्री शटर पाडायच्या आधी जो कागद भरायचा त्यात फोन किती, केस किती, प्लॅन किती असे रकाने होते, आणि ड्रॉवरमधल्या मालाला रकानाच नव्हता. मग कोण कशाला त्या भिंतीकडे बघेल? वर्षभरात निम्मे ड्रॉवर रिकामे, आणि जे भरलेले त्यात चुकीचा माल.

रेडिओशॅकचं हेच मोठ्या प्रमाणात झालं असं माझं मत आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे त्यांनी फोन कंपन्यांशी करार केले आणि दहा-बारा वर्षांत अशी वेळ आली की जवळपास निम्मा धंदा फोनचा. त्या काळात हा निर्णय चूक म्हणता येत नाही हो, पैसा खरंच येत होता. पण फोन हा त्यांचा माल नव्हता, भाव फोन कंपनी ठरवणार, कमिशन फोन कंपनी ठरवणार, आणि उद्या त्याच फोन कंपनीने शेजारच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं तर तुमच्याकडे कोण कशाला येईल. टाकलीच त्यांनी. पुढे ॲपलची दुकानंही आली, २००१ पासून.

आणि गंमत म्हणजे ज्या धंद्याला यांनी अडगळीत टाकलं तो त्याच सुमाराला परत वर येत होता. २००५ नंतर घरी खटपट करणाऱ्यांची लाटच आली, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड), रोबोट, नंतर थ्रीडी प्रिंटर. २०११ मध्ये रेडिओशॅकने जाहीरपणे विचारलं की बाबांनो आम्ही काय काय ठेवू, लोकांनी भरभरून सांगितलं, आर्डुइनो शेल्फवर आलेही. पण तोवर काउंटरवरच्या पोराला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते ज्ञान असलेली माणसं कधीच निघून गेली होती.

डॅलसकर

हा रकान्याचा मुद्दा आवडला. पण मग वरच्या लोकांना दिसत नव्हतं का? दहा वर्षं धंदा हळूहळू दुसऱ्याच्या हातात जातोय हे ताळेबंदात लख्ख दिसत असणार.

ताळेबंद

कोणीतरी माझं नाव घेतलं :)

दिसत असणारच. अशा धाग्यांवर नेहमी 'दूरदृष्टी नव्हती' यावर गाडी येते, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो. जुन्या साखळी दुकानाला बदलायचं म्हणजे काय करायचं असतं? थोडी दुकानं बंद करायची, जुना माल मिळेल त्या भावाला काढायचा, नवीन माणसं घ्यायची. या तिन्हीला रोख लागते आणि तिन्हीमुळे पहिली एक-दोन वर्षं नफा खाली जातो. लिस्टेड कंपनीच्या सीईओला तेवढा वेळ कोणी देत नाही. रेडिओशॅकने २०१० च्या सुमाराला, म्हणजे हातात पैसा होता तेव्हा, तो मोठ्या प्रमाणावर शेअर बायबॅकला, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला घातला. शेअरहोल्डर खूश, भाव टिकला, आणि पुढे ज्याची गरज पडणार होती तीच रोख गेली.

मग २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी शेवटी ठरवलं की ११०० दुकानं बंद करू. हा बरोबर निर्णय होता, उशिरा का होईना. पण तोपर्यंत कर्ज डोक्यावर, आणि कर्जाच्या करारात अट अशी की बँकर मंडळींना विचारल्याशिवाय वर्षाला २०० च्या वर दुकानं बंद करता येणार नाहीत. त्यांनी मान्यता दिली नाही. म्हणजे तोट्यातली दुकानं चालू ठेवायची सक्ती! वर्ष व्हायच्या आत कंपनी कोर्टात. लोकांना त्या वर्षातली ती सुपर बोलमधली (अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमधली) जाहिरात आठवते, ऐंशीचं दशक फोन करून आपलं दुकान परत मागतंय वगैरे. जाहिरात छान होती. पण जाहिरात बघून गिऱ्हाईक दुकानात येईपर्यंत दुकानात माल भरायला पैसा नको?

सर्किट सिटी या दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक्स साखळीचं प्रकरण तर शिकवायला घ्यावं असं आहे. १९४९ ला रिचमंडला सुरू झालेली, २००० च्या आसपास मॅनेजमेंटवाले तिचे गोडवे गायचे. यांच्याकडे इंटरनेट नव्हतं असं तर अजिबात नाही. १९९९ मध्येच वेबसाइट, ऑनलाइन घ्या आणि दुकानातून उचला. नंतर तर हमी दिलेली की २४ मिनिटांत वस्तू तयार नसेल तर २४ डॉलरचं गिफ्ट कार्ड. आज सगळे जे करतात ते यांनी आधी केलंय.

मग बुडले कशाने? एक म्हणजे जागा. जुने लांब मुदतीचे लीज, शहराच्या ज्या भागातून गर्दी केव्हाच दुसरीकडे सरकली होती तिथे, आणि बेस्ट बायने उशिरा सुरुवात केल्यामुळे त्यांना नव्या मोक्याच्या जागा मिळाल्या. जुनं असण्याचा हा तोटा फारसं कोणी सांगत नाही. दुसरं, २००० मध्ये फ्रिज, वॉशिंग मशीन विकणं बंद केलं, का तर जागा आणि डिलिव्हरीचा खर्च परवडत नाही, आणि लगेच पुढे देशात घरं बांधायची लाट आली, प्रत्येक नव्या घराला फ्रिज हवा. तिसरं म्हणजे माणसं. २००३ ला कमिशनवर काम करणारे ३९०० सेल्समन एका फटक्यात काढले, आणि २००७ च्या मार्चमध्ये आणखी ३४०० जण, या वेळी कारण उघड सांगितलं, तुमचा पगार बाजारभावापेक्षा जास्त आहे. म्हणजे जे जुने, ज्यांना टीव्हीतलं कळतं, नेमके तेच. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरी, २००९ च्या जानेवारीत ५६७ दुकानांना टाळं, ३४ हजार लोक घरी. मंदी होती हे मान्य, पण मंदीत शेजारचं दुकान उभं राहिलं ना.

चिवडा_मिक्स

बरं, मी चिडवायला टाकलं होतं पण आता सिरीयसली लिहितो, कारण तुम्ही सगळे ॲमेझॉनला फारच स्वस्तात सोडताय.

डॅलसकर, तुम्ही टेक्सासचे, तुम्हाला आठवत असेल, २०१२ च्या जुलैपर्यंत ॲमेझॉन टेक्सासमध्ये सेल्स टॅक्स लावत नव्हतं. दुकानात ८.२५ टक्के. हजार डॉलरचा टीव्ही घेतला तर साडेब्याऐंशी डॉलर तिथेच वाचले, आणि भाव कमी असेल तर तो वेगळा. हा काही ॲमेझॉनचा हुशारपणा नव्हता, कायद्यातली फट होती. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुळात मार्जिन एवढंसं, त्यात समोरच्याला सव्वाआठ टक्क्यांची सवलत सरकारनेच दिल्यासारखी. लोक दुकानात येऊन टीव्ही बघायचे, सेल्समनला अर्धा तास पिळायचे आणि पार्किंगमध्ये जाऊन फोनवरून ऑर्डर करायचे. मीही केलंय, कशाला खोटं बोलू. कपड्याच्या दुकानात हे होत नाही कारण माप बघावं लागतं. टीव्हीवर मॉडेल नंबर छापलेला असतो, तोच नंबर तिकडे टाका, तोच डबा घरी येणार. त्यामुळे 'बदलले नाहीत' म्हणताना धंदाच कसला होता ते पण बघा.

आणखी एक. १९९१ ची रेडिओशॅकची एक पेपरातली जाहिरात मध्यंतरी खूप फिरली होती. बफेलोच्या एका बातमीदाराने ती शोधून काढली आणि दाखवलं की त्या पानावरच्या बहुतेक सगळ्या वस्तू आता फोनमध्ये आहेत. टेपरेकॉर्डर, कॅमकॉर्डर, आन्सरिंग मशीन, क्लॉक रेडिओ, कॅल्क्युलेटर. नुसतं गिऱ्हाईकच गेलं असं नाही, दुकानातला मालच नाहीसा झाला. आता यावर दूरदृष्टीचा सीईओ तरी काय करणार, सांगा.

नेवार्कची_नलू

चिवडा यांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला पण एक राहतंय. गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानांमध्ये जायला नको वाटायचं, हे कोणी का बोलत नाही?

रेडिओशॅकमध्ये दोन बॅटऱ्या घेतल्या तरी नाव, पत्ता, फोन नंबर विचारायचे. कॅशने पैसे दिले तरी. नवीन आलेल्या आपल्या लोकांना तर वाटायचं की सांगणं सक्तीचंच आहे, माझ्या सासऱ्यांनी नेवार्कमध्ये एकदा वायरच्या बिलावर अख्खा सांगलीचा पत्ता लिहून दिला होता. २००२ मध्ये ही पद्धत त्यांनी बंद केली. पण विचार करा, ॲमेझॉनचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी या कंपनीकडे घरोघरची यादी होती, कोण काय घेतं, केव्हा घेतं. त्याचं केलं काय? कॅटलॉग आणि पत्रकं पाठवली. बास. आणि २०१५ ला दिवाळखोरीत लिलाव झाला तेव्हा ती गिऱ्हाइकांची यादीच विकायला काढली, ११.७ कोटी लोकांची, त्यावर टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने हरकत घेतली कारण कंपनीने स्वतःच लिहून दिलेलं की आम्ही तुमची माहिती विकणार नाही.

दुसरा छळ म्हणजे एक्सटेंडेड वॉरंटी. चाळीस डॉलरच्या डीव्हीडी प्लेअरवर बारा डॉलरची वॉरंटी गळ्यात मारायला बघायचे, नको म्हटलं की मॅनेजर येणार, परत नको म्हटलं की बिल करताना तोंड वाकडं. एका दुकानात मी टीव्ही बघतेय, प्रश्न मी विचारतेय, आणि सेल्समन उत्तर माझ्या नवऱ्याला देतोय, ज्याला एचडीएमआय कशाशी खातात माहीत नाही. अशा दुकानांसाठी मी का हळहळू? ॲमेझॉनवर निदान कोणी तोंड वाकडं करत नाही.

ताळेबंद

नलू, वॉरंटीचं बरोबर बोट ठेवलंत. वस्तू विकून यांना फारसं सुटतच नव्हतं. टीव्ही, डीव्हीडी प्लेअर हे गिऱ्हाईक आत आणायला, आणि नफ्याचा मोठा भाग वॉरंटीतून यायचा, सर्किट सिटीचा तर फारच मोठा. त्यामुळे सेल्समन तुमच्या मागे लागायचा तो स्वभावाने वाईट म्हणून नव्हे, दुकानाचं भाडं त्या बारा डॉलरमधून निघत होतं. रेझिस्टर म्हणाले ते फोनचं कमिशन आणि ही वॉरंटी, जात एकच. ज्यातून पैसा येतो तेच गिऱ्हाइकाला नकोसं झालंय, पण ते काढलं तर दुसऱ्या दिवशी पगार कशातून द्यायचे? इथे अडकतात हे लोक. माहिती कमी पडते म्हणून नाही.

पेठेतला_दुकानदार

नमस्कार, मी सहसा नुसता वाचतो. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या जवळ आमचं दुकान, आजोबांपासून. एका बाजूला पार्ट, दुसऱ्या बाजूला टीव्ही आणि मोबाईल. तुमच्या अमेरिकेचं मला पेपरात वाचण्यापुरतंच माहीत पण तुम्ही जे लिहिताय ते काउंटरच्या आतल्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो.

जुना माल ही एक गोष्ट लोक विसरतात. वडिलांनी एका दिवाळीला पिक्चर ट्यूबवाले टीव्ही भरून ठेवले, कंपनीची स्कीम जोरात होती, इतके नग उचला तर इतकी क्रेडिट नोट. पुढच्या दसऱ्याला गिऱ्हाईक आलं ते पातळ टीव्ही मागत. आता तुम्ही म्हणाल काढून टाका ना तोट्यात. कागदावर तो माल खरेदीच्या भावाने उभा असतो, बँकेचं कॅश क्रेडिटचं कर्ज त्याच्यावर, तोट्यात विकला की त्या दिवशी तोटा खरा होतो. गोडाऊनमध्ये पडून असला की निदान मालमत्ता म्हणून दिसतो. वडिलांनी दोन वर्षं तो माल धरून ठेवला, 'खेडेगावातून गिऱ्हाईक येईल' म्हणून. आमचं एक गोडाऊन होतं, ज्यांची हजारो दुकानं त्यांचं काय झालं असेल.

मोबाईलचं मार्जिन विचारू नका. डीपी म्हणजे आमची खरेदीची किंमत आणि एमओपी म्हणजे बाजारात विकायची किंमत, यात जे अंतर असतं त्यात लाइट बिल निघालं तरी नशीब, खरा पैसा महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं तर मागाहून येणारा, तोही क्रेडिट नोटने म्हणजे परत त्याच कंपनीचा माल उचला. म्हणजे रेझिस्टर साहेब म्हणतात तसं, भाव आमच्या हातात नाही. २०१४ ला मोटो जी आणि शाओमीचा एमआय थ्री आले ते फक्त फ्लिपकार्टवर. पोरं दुकानात येऊन विचारायची आणि आम्ही नाही म्हणायचो. आम्ही बदलायला तयार असूनही आम्हाला माल मिळतच नव्हता, त्याला तुम्ही काय म्हणणार? नंतर त्याच कंपन्या दुकानात परत आल्या हा भाग वेगळा, बोर्ड पण त्यांनीच रंगवून दिले.

आम्ही टिकलो त्याचं एक मोठं कारण म्हणजे दुकान स्वतःच्या मालकीचं, भाडं नाही. ज्यांना भाडं होतं त्यातले बरेच गेले, माझ्यापेक्षा हुशार होते ते. दुसरं कारण हप्ता. फायनान्स कंपनीचा पोरगा टॅब घेऊन आमच्याच स्टुलावर बसतो, पाच-दहा मिनिटांत कर्ज मंजूर, गिऱ्हाईक टीव्ही घेऊन घरी. ऑनलाइन हप्ता नंतर आला, इकडे तो आधीपासून होता. आणि टीव्ही भिंतीला लावून द्यायला आमचा माणूस संध्याकाळी जातो. विजय सेल्स १९६७ पासून आहे, माहीममधून सुरू झालं, क्रोमाने २००६ ला दुकानं काढली, ते सगळे अजून उभे आहेत. त्यामुळे जुनं दुकान म्हणजे बुडणारच असं नाही हो.

रेझिस्टर_४के७

काका, तुमची पोस्ट मस्त. मालकीच्या जागेवरून आठवलं, नुसती मालकी आणि हौसही पुरत नाही. फ्राईज इलेक्ट्रॉनिक्स बघा. कॅलिफोर्नियात सनीवेलला १९८५ मध्ये सुरू झालेलं, घराण्याचंच, लिस्टेड नाही, म्हणजे ताळेबंदरावांचा तो शेअरहोल्डरचा ताप नाही. दुकानं अशी की बघायला जावं. बरबँकच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीत उडती तबकडी घुसलेली, सॅन होजेचं मायन देवळासारखं. आत चिप्सपासून बटाट्याच्या चिप्सपर्यंत सगळं. बे एरियातल्या आपल्या लोकांचा शनिवार तिथेच जायचा, पोरं कॉम्प्युटर गेमच्या रांगेत सोडून बाप मदरबोर्डच्या रांगेत.

त्यांचं २०१९ पासून काय झालं तर शेल्फ रिकामी. अक्षरशः रिकामी, शंभर फुटांच्या रांगेत एकाच ब्रँडचे चार केबल लटकवलेले. कंपनी म्हणायची आम्ही आता पुरवठादारांचा माल कन्साइनमेंटवर ठेवणार, म्हणजे विकला गेला तर पैसे देऊ. कोण ठेवेल? २४ फेब्रुवारी २०२१ ला सगळी दुकानं एकदम बंद. त्याआधी २००८ मध्ये त्यांचा एक मोठा खरेदी अधिकारी पुरवठादारांकडून कोट्यवधी डॉलरची दलाली खाताना पकडला गेलेला. अशा ठिकाणी कुठला माल मागवायचा हे गिऱ्हाईक बघून ठरत होतं की आणखी कशावरून, देव जाणे.

आणि चिवडा, तुझ्या 'धंदाच तसा' ला माझं उत्तर म्हणजे मायक्रो सेंटर. १९७९ चं, ओहायोतल्या कोलंबसचं. देशभरात दुकानं किती तर तीसच्या आसपास. हावच केली नाही. डॅलसकर, तुमच्याकडे रिचर्डसनजवळ आहे, शनिवारी जाऊन पार्किंग मिळवून दाखवा. प्रोसेसर मदरबोर्ड एकत्र घेतलं तर ऑनलाइनपेक्षा स्वस्त, पण फक्त दुकानात येऊन. माणसं कमिशनवर आहेत पण विचारलेलं कळतं त्यांना. रेझिस्टर, सोल्डर, थ्रीडी प्रिंटरची वायर, सगळं भिंतीला. म्हणजे जो धंदा रेडिओशॅकने सोडला तोच.

चिवडा_मिक्स

तीस दुकानं चालवणं आणि सात हजार चालवणं यात फरक आहे राव. मॉलमधल्या दोन हजार फुटांच्या गाळ्यात कुठे बसवणार सगळं हे? रेडिओशॅकला मायक्रो सेंटर व्हायचं असतं तर शंभरातली नव्याण्णव दुकानं बंद करावी लागली असती. आणि मोठी दुकानं त्यांनी करून बघितलीच होती, १९९२ ला इन्क्रेडिबल युनिव्हर्स नावाने, अवाढव्य, आत कराओके वगैरे. चार-पाच वर्षांत गुंडाळली, त्यातली काही तुमच्या फ्राईजनेच घेतली. कॉम्प्युटर बनवणंही १९९३ ला विकून टाकलं. तेल गेलं, तूप गेलं. त्यामुळे त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं मी तरी म्हणणार नाही, उलट दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन. २००९ ला नाव सुद्धा आखडून 'द शॅक' केलं!

ताळेबंद

नाव बदलायला दुकान बंद करावं लागत नाही ना, म्हणून नाव आधी बदलतात :)

पण बेस्ट बायचं सांगायलाच हवं. २०१२ मध्ये तेही मरायला टेकलेले, सगळे म्हणत होते पुढचा नंबर यांचा. त्यांनी ह्युबर्ट जोली नावाचा फ्रेंच माणूस आणला, रिटेलचा अनुभव नाही, हॉटेल आणि प्रवासाच्या धंद्यातला. त्याने ॲमेझॉनचा भाव दाखवा, तोच देतो म्हणून सांगितलं, म्हणजे चिवडा पार्किंगमधून परत आत. सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानातच कोपरे दिले, म्हणजे ज्यांना शोरूम हवी त्यांनीच त्याचा खर्च उचलावा. ऑनलाइन ऑर्डर जवळच्या दुकानातूनच पाठवायला लागले. घरी येऊन दुरुस्ती करणारी गीक स्क्वॉड तर २००२ पासून हातात होतीच. काटछाट त्यानेही केली, पण सुरुवात दुकानातल्या माणसांपासून केली नाही. आणि त्याचं नशीबही बघा, सर्किट सिटी आधीच गेलेली, ॲमेझॉनला टॅक्स लागू व्हायला लागलेला. तीच युक्ती २००७ ला चालली असती की नाही, मला शंका आहे.

नेवार्कची_नलू

दुकानदार काका, एक विचारू का. तुम्हीच म्हणताय मोबाईलमध्ये काही सुटत नाही, भाव तुमच्या हातात नाही, आणि तुमचा पार्टचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा. मग ते मोबाईलचं काउंटर काढून का टाकत नाही?

पेठेतला_दुकानदार

ताई, घरी हाच वाद चालू आहे. मुलगा इंजिनियर झाला, तो म्हणतो बाबा मोबाईल काढा, त्या जागेत आर्डुइनो, सेन्सर, बॅटरी, लिपो चार्जर ठेवू. सेमिस्टर संपत आली की सीओईपी, पीआयसीटी या इंजिनियरिंग कॉलेजांची पोरं प्रोजेक्टसाठी पेठेत फिरतातच, आज रात्री हवंय, कुरिअरला थांबायला वेळ नाही. त्याचं चुकत नाही. पुण्यातल्याच एका कंपनीने हाच माल ऑनलाइन विकून केवढा धंदा उभा केला हे आम्हाला दिसतंय की समोर.

पण मोबाईलच्या काउंटरवर दोन मुलं कामाला आहेत, एक अकरा वर्षांपासून. फायनान्सवाला मोबाईलमुळे बसतो, तो उठला तर टीव्हीचे हप्ते कोण करणार. बोर्डाचे, डिस्प्लेचे पैसे कंपनी देते ते बंद होतील. आणि स्कीमची क्रेडिट नोट अडकली आहे, ती माल उचलल्याशिवाय मिळत नाही. मुलाला म्हटलंय दिवाळी जाऊ दे, पाडव्यानंतर बघू. मागच्या वर्षीही असंच म्हटलं होतं, हे तो इथे येऊन लिहायच्या आधी मीच लिहितो. सध्या मोबाईलच्या शोकेसचा खालचा एक कप्पा त्याला दिलाय सेन्सरसाठी.